मनगटपट्टा, घरगुती (स्थिर विद्युतीपासून संरक्षणासाठी)

संगणकाचा मदरबोर्ड, मेमरीची पट्टी, मोबाइलचा बोर्ड किंवा सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्राचे कंट्रोल कार्ड हाताळताना अंगावर साचलेला विद्युत भार सावकाश उतरून जावा, यासाठी मनगटाला बांधायचा संवाहक पट्टा. त्वचेला टेकणारा धातूचा तुकडा, साधारण १ मेगाओहमचा रोधक (रेझिस्टर), लवचीक वायर आणि टोकाची क्रोकोडाइल क्लिप एवढेच त्याचे भाग असल्याने तो घरी करता येतो. तयार पट्टा फार महाग नसतो. तरी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपपासून राजारामपुरीतील मोबाइल दुरुस्तीच्या टेबलापर्यंत कोठेही तो हाताशी असलेल्या सामानातून तासाभरात उभा राहू शकतो. मात्र त्यातील रोधक वगळला, तर तो संरक्षणाचे साधन न राहता धोक्याचे साधन होतो.

दोन पदार्थ एकमेकांना टेकून विलग झाले की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. पॉलिएस्टरचा शर्ट घालून फायबरच्या खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाच्या अंगावर अशा रीतीने काही हजार व्होल्ट सहज चढतात. मानवी शरीराची धारकता (भार साठवण्याची क्षमता) चाचण्यांमध्ये १०० पिकोफॅरड धरली जाते. त्या हिशेबाने ३,००० व्होल्टला साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते. माणसाला ती क्षुल्लक असली तरी आयसीतील मॉसफेटच्या (सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) गेटखालचा ऑक्साइडचा थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि तो भेदला जायला ती पुरते. आयसीच्या पायांपाशी संरक्षक डायोड असतात, परंतु त्यांनाही मर्यादा आहे. बोटाला चटका जाणवण्यासाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, तर काही घटक १०० व्होल्टच्याही आत निकामी होतात. म्हणजे नुकसान करणारे बहुतेक विसर्ग (भार अचानक उतरण्याचे प्रसंग) माणसाला कळतच नाहीत. त्यातही घटक जागीच मेला तर निदान दोष सापडतो. तो अर्धवट दुखावला गेला, तर कार्ड चाचणीत पास होते आणि यंत्रावर चढल्यावर काही आठवड्यांनी बंद पडते. अशा वेळी दोष सप्लायला किंवा उष्णतेला दिला जाणे स्वाभाविक आहे.

पावसाळ्यात पट्ट्याची गरज नसते, हा समज कोल्हापुरात सहज रुजण्यासारखा आहे, कारण जून ते सप्टेंबर येथील हवा इतकी दमट असते की कपड्यांची चरचर ऐकू येत नाही. दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि भार त्यावरून निसटतो, हे खरे आहे. गालिच्यावरून चालताना १० ते २५ टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत आणि ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत १,५०० व्होल्टपर्यंत भार चढतो, असे या विषयात नेहमी दिले जाणारे आकडे सांगतात. पण दुसरा आकडाही माणसाला न जाणवणारा आणि घटकाला मात्र पुरून उरणारा आहे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी पट्टा आवश्यक आणि आषाढात अनावश्यक, ही विभागणी टिकत नाही. इचलकरंजीच्या मागांवर कृत्रिम धागा चालतो, तेथे तर घर्षण अखंड सुरू असते. अशा शेडमध्येच मागाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड उघडायचे असेल तर ऋतू पाहण्यात अर्थ नाही.

रोधकाचे काम दुहेरी आहे. अंगावरचा भार तो एकदम न सोडता हळू सोडतो, पण हे ‘हळू’ यंत्राच्या मापाने पाहावे लागते: १०० पिकोफॅरड आणि १ मेगाओहम यांचा काळस्थिरांक (भार सुमारे एक-तृतीयांशावर येण्याचा वेळ) ०.१ मिलिसेकंद येतो, म्हणून ३,००० व्होल्टही एका मिलिसेकंदात उतरतात. दुसरे काम माणसाच्या जिवाशी निगडित आहे. पट्टा बांधलेला हात चुकून २३० व्होल्टच्या फेजला लागला, तर पट्ट्यावाटे जाणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरवर अडतो आणि तो बहुधा जाणवतही नाही. नुसती तांब्याची वायर मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

पाव वॉटच्या साध्या कार्बन रोधकाची कार्यव्होल्टेज मर्यादा साधारण २५० व्होल्ट असते, तर २३० व्होल्टच्या एसी पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणून एकच १ मेगाओहमचा रोधक घेण्यापेक्षा ४७० किलोओहमचे दोन एकामागोमाग जोडणे शहाणपणाचे. ते मनगटाच्या टोकाला असावेत. क्लिपच्या टोकाला ठेवले आणि मधली वायर सोलवटून कोठे फेजला टेकली, तर हात आणि फेज यांच्यामध्ये काहीच उरत नाही. सोल्डर केलेल्या सांध्यांवर हीट श्रिंक नळी (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी आणि वायरचा ताण सांध्यावर येऊ नये म्हणून ती पट्ट्याला शिवून घ्यावी. त्वचेला टेकायला जुन्या घड्याळाचा स्टीलचा लवचीक पट्टा किंवा वेल्क्रोच्या आत बसवलेली तांब्याची पातळ पट्टी चालते. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल अनेकांना सुचते, पण ते फाटते आणि त्याला साधे सोल्डर धरत नाही. हुपरीचे चांदीचे सपाट कडे मात्र, हौस असेल तर, या कामाला उत्तम; साखळी नको, कारण तिच्या सैल कड्यांमधला संपर्क तुटत राहतो.

क्लिप कोठे लावावी यावर बरेच अवलंबून असते. कॅबिनेटच्या रंगवलेल्या पत्र्यावर लावलेली क्लिप दिसायला घट्ट असली तरी रंग निरोधक (वीज वाहू न देणारा) असल्याने तिचा उपयोग शून्य. ती उघड्या स्क्रूवर किंवा पॉवर सप्लायच्या बिनरंगी पत्र्यावर लावावी. माणूस आणि बोर्ड एकाच विभवावर (विद्युत पातळीवर) आले की संरक्षणाचा मोठा भाग साधतो, त्यामुळे प्लग काढलेल्या संगणकाच्या सांगाड्याला क्लिप लावून केलेले कामही बऱ्यापैकी सुरक्षित असते. खरी अर्थिंग हवी असल्यास आधी ती तपासावी. जुन्या पेठांतील घरांत तिसरे भोक नुसतेच असू शकते, आणि कधी त्यात न्यूट्रलचीच वायर जोडलेली निघते. अर्थ आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मीटरने शून्य व्होल्ट दाखवणे हा अर्थिंग चांगली असल्याचा पुरावा नव्हे. दोन्ही एकत्र जोडलेले असले तरी शून्यच दिसते. तपासणी जाणत्या वायरमनकडून करून घेणे बरे. नळाच्या तोटीवर भरवसा ठेवण्याचे दिवसही पीव्हीसी पाइप आल्यापासून गेले.

चालू उपकरणावर, विशेषतः जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, मायक्रोवेव्हवर किंवा एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) घरगुती विजेला जोडलेल्या प्राथमिक बाजूवर काम करताना पट्टा काढून ठेवावा. १ मेगाओहमचा हिशेब घरगुती पुरवठ्यासाठी आहे, काही हजार व्होल्टसाठी नाही. थर्मोकोल, प्लॅस्टिकची पिशवी, पॉलिएस्टरची बाही अशा निरोधक वस्तूंवरचा भार पट्ट्याने उतरत नाही, कारण तो त्यांवरून वाहतच नाही. त्या बोर्डापासून सुमारे ३० सेंमी दूर ठेवाव्यात आणि बाह्या दुमडाव्यात. वायर नसलेले ‘वायरलेस’ पट्टे भाराला वाटच देत नसल्याने निरुपयोगी ठरतात.

पट्टा तुटल्याचे वरून कळत नाही. मल्टिमीटर २० मेगाओहमच्या रेंजवर ठेवून एक प्रोब धातूच्या पट्टीला आणि दुसरा क्लिपला लावावा, आणि मनगटाजवळची वायर हलवत राहावे. आकडा १ मेगाओहमच्या आसपास स्थिर राहिला तर पट्टा ठीक, उड्या मारू लागला तर आतले तार तुटत आले आहेत. त्यानंतर पट्टा हाताला बांधून क्लिपपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचा रोध पाहावा. उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या मानकांनुसार परिधान केलेल्या पट्ट्याचा एकूण रोध ३५ मेगाओहमच्या आत हवा. २० मेगाओहमच्या रेंजवर आकडा आला म्हणजे तो निश्चितच त्या आत आहे. कोरड्या त्वचेच्या माणसाचा रोध बराच वर जातो. तेव्हा पट्टा एक घर आवळावा आणि त्याखाली ओल्या बोटाचा स्पर्श करावा.