जेतवन ते गिओन : जपानी श्रद्धेची गुंफण

दर जुलैमध्ये क्योतोत गिओन उत्सव महिनाभर चालतो. 'गिओन' हे नाव आपल्याला परके नाही. अनाथपिंडिकाने बुद्धांना दान दिलेला श्रावस्तीचा जेतवन विहार, त्याच्या चिनी नावाचा हा जपानी उच्चार.

डोंगर, झरे, जुने वृक्ष, पूर्वज यांच्या ठायी वसणारे 'कामी' जपानी माणूस फार पूर्वीपासून पूजत आला. सहाव्या शतकात कोरियातल्या बेक्जे राज्यातून बुद्धमूर्ती आली, तेव्हा तिलाही 'परदेशी कामी'च म्हटले गेले. तिला मान दिला तर आपले देव कोपतील, अशी मोनोनोबे घराण्याला भीती होती. सोगा घराणे तिच्या बाजूने उभे राहिले आणि ५८७च्या लढाईत जिंकले. पण कामी हद्दपार झाले नाहीत, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ६०४ची सतरा कलमी राज्यनीती राजपुत्र शोतोकूच्या नावे सांगितली जाते. तिचे पहिले कलम कन्फ्यूशियसच्या वळणाचे, सलोख्याचे. दुसरे बुद्ध, धम्म, संघ या त्रिरत्नांचे. पुढे हाचिमान या कामीला तर 'महाबोधिसत्त्व' ही पदवी मिळाली.

गिओनच्या देवस्थानात हीच गुंफण दिसते. तिथला गोझु तेन्नो हा बैलाच्या मस्तकाचा, रोगराईवर सत्ता चालवणारा देव. तो जेतवनाचा रक्षक मानला जाई आणि जपानी पुराणातल्या सुसानोओशी एकरूपही. ८६९मध्ये साथ पसरली, तेव्हा प्रांतांच्या संख्येइतके ६६ भाले उभारून प्रार्थना झाली. आजच्या उत्सवाचे मूळ तिथेच सांगतात. मध्ययुगात हे देवस्थान दीर्घकाळ हिएई पर्वतावरच्या बौद्ध मठाच्या अधिकारात होते, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

ही गाठ १८६८मध्ये सरकारी हुकमाने तोडली गेली. सम्राटाच्या नावाने नवे राज्य उभारणाऱ्या मेइजी सरकारला निर्भेळ शिंतो, म्हणजे फक्त कामींच्या पूजेचा धर्म, हवा होता. देवळांतून बुद्धमूर्ती आणि बौद्ध वाद्ये हटवण्याचे आदेश निघाले. त्यातून उसळलेल्या लाटेत ठिकठिकाणी मूर्ती आणि ग्रंथ नष्ट झाले. नारातल्या कोफुकुजी मठाचे भिक्षू शेजारच्या कासुगा देवळाचे शिंतो पुजारी बनले. हजार वर्षांहून अधिक काळ एकत्र नांदलेले देव अशा घाईने वेगळे काढले गेले, हे वाचताना आजही वाईट वाटते.

गोझु तेन्नोचे नावही तेव्हाच पुसले गेले. देवस्थान 'यासाका' झाले, देव केवळ सुसानोओ उरला. उत्सवाचे आणि भोवतालच्या वस्तीचे नाव मात्र लोकांनी सोडले नाही. ते अजून गिओनच आहे.