सहा व्होल्टच्या गाड्या: जुन्या मोटारसायकलींच्या वायरिंगमागचा इतिहास

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर, स्पीडोमीटरच्या जवळ, एक छोटा अँपिअर मीटर असतो. मुरलेले बुलेटवाले तो किक मारण्यासाठी वापरतात. चावी लावून किक हळूहळू दाबायची; वजा बाजूला झुकलेली सुई मध्यावर आली की पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) उघडले, म्हणजे पिस्टन वर आला. मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक जराशी पुढे न्यायची आणि मग दणका द्यायचा. पण मीटर बसवला होता तो यासाठी नव्हे. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे यावर नजर ठेवायचं काम गाडी बनवणाऱ्यांनी चालवणाऱ्याकडेच सोपवलं होतं. जुन्या गाड्यांच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात लष्करात धावलेल्या बीएसए एम२० किंवा नॉर्टन १६एच या गाड्यांत ठिणगी मॅग्नेटोची (बॅटरीविना स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्राची) होती आणि दिवे डायनॅमोवर चालायचे. बॅटरी मेली तरी इंजिन सुरू व्हायचं. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश कंपन्या स्वस्त पडतं म्हणून अल्टरनेटर (एसी करंट बनवणारं जनित्र) आणि कॉइल इग्निशनकडे (बॅटरीच्या करंटवर ठिणगी पाडणारी व्यवस्था) वळल्या. त्यातला बहुतेक माल बर्मिंगहॅमच्या लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा. आता ठिणगीही बॅटरीच्या भरवशावर आली. हा धोका लुकासलाही दिसत होता, म्हणून तर इग्निशन स्विचवर ‘इमर्जन्सी’ अशी एक जागा दिली गेली. बॅटरी पार बसली असेल तेव्हा अल्टरनेटरचा करंट थेट कॉइलकडे वळवायची ती सोय होती.

या व्यवस्थेत रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणाऱ्या करंटवर लगाम ठेवणारा भाग) नव्हता. अल्टरनेटरच्या सहा गुंडाळ्यांपैकी दिवसा थोड्याच कामाला लागत, हेडलाइट लावला की स्विचमधूनच सगळ्या जोडल्या जात. म्हणजे बल्बचे वॅट हा हिशेबाचाच भाग होता. मोठा बल्ब बसवला तर बॅटरी उपाशी राहते हे कोणीही सांगेल. लहान बल्ब बसवला तर उरलेला करंट बॅटरीत घुसतो, पाणी उकळून उडतं आणि ॲसिडच्या वाफेने आजूबाजूची टर्मिनलं खाल्ली जातात, हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षाला बॅटरी बदलणाऱ्याने आधी बल्बवरचा आकडा वाचावा.

लुकासला इंग्लंडमध्ये थट्टेने ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ म्हणत. मला यात थोडा अन्याय वाटतो. गाडीवाल्या कंपन्यांनी पैसे वाचवायला जे मागितलं, ते लुकासने दिलं.

१९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथे बनू लागली. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, पण पन्नाशीतला तो आराखडा इथे कित्येक दशकं चालत राहिला.

जावाची गोष्ट वेगळी. मुंबईत या गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा काढली आणि साठीच्या सुरुवातीला चेक आराखड्याच्या गाड्या तिथे तयार होऊ लागल्या. त्यात सहा व्होल्टचा डायनॅमो आणि पॉइंटवर चालणारा यांत्रिक रेग्युलेटर होता. त्यातल्या कटआउटचे (डायनॅमोला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोतून उलटी रिकामी होते. रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी मेलेली मिळते. अशा वेळी नवी बॅटरी आणून काही साधत नाही, तीही तशीच बसते. पोलंडच्या एसएचएल या मोटारसायकलवरून आलेली राजदूत फ्लायव्हील मॅग्नेटोवर चालायची. तिचा उजेड रेसबरोबर कमी-जास्त व्हायचा.

सहा व्होल्ट म्हणजे नेमकी काय अडचण? ३० वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, बारा व्होल्टवर अडीच. कोकणातल्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात, पितळी जोडावर हिरवा गंज चढतो. अशा गंजलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम धरला तर सहा व्होल्टच्या गाडीत ढोबळ मानाने १ व्होल्ट तिथेच जातो, म्हणजे सहावा हिस्सा. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच जोडावर अर्धा व्होल्ट जातो, चोविसावा हिस्सा. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे पहिल्या गाडीचा प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो आणि दुसरीत फरक जेमतेम कळतो. दोष तोच, पण बाराच्या गाडीत तो पोटात जिरतो आणि सहाच्या गाडीत रस्ता दिसेनासा होतो.

त्यात परतीची वायर म्हणून चासीच वापरलेली. हल्ली हौसेने गाडी नवी करतात, चासीला जाड पावडर कोटिंग देतात, आणि गाडी घरी आली की हॉर्न चिरका, इंडिकेटर मंद. रंगाखाली अर्थिंग तुटलेलं असतं. बॅटरीपासून इंजिनला आणि इंजिनपासून हेडलाइटच्या डब्याला स्वतंत्र अर्थ वायर टाकली की निम्म्या तक्रारी मिटतात.

साठीपर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची अधिक बाजू चासीला जोडलेली असे. अशा गाडीला सवयीने वजा बाजू अर्थ केली तर रेक्टिफायर (अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणारा भाग) जळू शकतो. जुना सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर तर नट पिळताना चकत्या फिरल्या तरी बिघडतो. त्याच्या जागी सिलिकॉनचा टाकलेला बरा, पण टाकण्याआधी अर्थ कुठली आहे ते मीटरने पाहायचं.

१९८५ मध्ये यामाहा आरएक्स१०० आली. तिच्या सीडीआयला (पॉइंटऐवजी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला) मॅग्नेटोतल्या वेगळ्या कॉइलमधून करंट मिळतो, म्हणून ती बॅटरीशिवायही किकला सुरू होते. ‘बॅटरी नसली तरी गाडी चालते’ ही समजूत अशाच गाड्यांनी पसरवली. पॉइंटवाल्या बुलेटला ती लागू नाही. आणि जिथे रेग्युलेटरच नाही, तिथे बॅटरी काढून गाडी पळवली तर रेस वाढताच बल्ब उडतात.

आता बरेच जण सहाची गाडी बारावर नेतात. बॅटरी, बल्ब, हॉर्न बदलले जातात, पण इग्निशन कॉइल सहाचीच राहून जाते. ती तापते, पॉइंट लवकर जळतात आणि दोष मात्र पॉइंटना जोडलेल्या कंडेन्सरवर येतो.