सबाच्या पायवाटा आणि पावसाचं पाणी

कॅरिबियन समुद्रातलं सबा बेट म्हणजे पाण्यातून सरळ वर आलेला ज्वालामुखी. क्षेत्रफळ जेमतेम 13 चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. सपाट जागा इतकी कमी की विमानतळाची धावपट्टी 400 मीटरांतच आटोपते. माउंट सीनरी हे इथलं शिखर मात्र साडेआठशे मीटरांहून उंच आहे. 2010 पासून सबा ही नेदरलँड्सची विशेष नगरपालिका, म्हणजे थेट त्या देशाचाच भाग आहे, त्यामुळे सपाटीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशाचा सर्वोच्च बिंदू आता या उष्ण कटिबंधातल्या बेटावर सापडतो!

डच अभियंत्यांनी इथे रस्ता होणार नाही असं सांगितलं होतं. मग जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या स्थानिक माणसाने पत्राद्वारे स्थापत्यशास्त्र शिकून गावकऱ्यांच्या हातांनी तो बांधून घेतला. पहिली मोटार 1947 मध्ये आली. तोवर लॅडर बे इथे गलबतातून उतरलेलं सामान खडकात कोरलेल्या शेकडो पायऱ्यांवरून माणसंच वाहून नेत. आज पर्यटक ज्यांवरून हौसेने चालतात, त्यांपैकी बऱ्याच वाटा म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात जायचे जुने रस्ते.

वाट रोजच्या वापरात असली की तिची डागडुजी आपोआप होते. वापर थांबला की रान चढतं. 1987 मध्ये स्थापन झालेली ‘सबा कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’ ही स्थानिक संस्था आता या वाटा सांभाळते. त्याच वर्षी बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित झाला, आणि तोही हीच संस्था बघते. पाणबुड्या पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्काचा त्यात मोठा आधार असतो. डोंगर आणि समुद्र एकाच हाती असणं किती शहाणपणाचं आहे, हे मातीचा प्रवास पाहिला की कळतं.

पायवाट पायांनी झिजते, हा समज अर्धाच खरा. पायांचं काम माती दाबण्याचं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासं होतं. मग ते वाहतं, आणि वाहायला त्याला आयती मोकळी वाट मिळते. उतार जितका तीव्र तितका वेग जास्त, आणि वेग वाढला की माती उचलून नेण्याची ताकद त्याहून झपाट्याने वाढते. काही पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. चिखल टाळायला लोक कडेने चालतात, तिथलं गवत मरतं, वाट रुंदावते. सह्याद्रीतल्या गडांवर नागमोडी वाटांना छेद देणारे ‘शॉर्टकट’ घळीसारखे खोल झालेले दिसतात, त्यामागे हेच गणित आहे. वळणं टाळून सरळ उतरणारा माणूस पाण्यालाही सरळ उतरायला शिकवतो.

वाटा बांधणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: डोंगराला जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला नको. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी तिच्यावरून आडवं निघून जातं. सबासारख्या खड्या चढावर हे नेहमी जमत नाही, म्हणून पायऱ्या. माउंट सीनरीच्या वाटेला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. त्या पाण्याचा वेग मोडतात, पण बाजूचे चर पालापाचोळ्याने तुंबले की पाणी पायरीखालची मातीच पोखरतं. त्यामुळे या कामात फावडं आणि कोयता यांना पर्याय नाही.

शिखरावरचं जंगल ढगांत बुडालेलं असतं. शेवाळ आणि नेच्यांनी लगडलेली झाडं धुक्यातलं पाणी टिपतात, आणि मुसळधार पावसाचा पहिला मारही झेलतात. 2017 च्या सप्टेंबरमध्ये इर्मा आणि मारिया ही चक्रीवादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली, तेव्हा झाडं उन्मळली, फांद्यांचं छत फाटलं. असं झालं की थेंब थेट उघड्या मातीवर आदळतात.

तिथून सुटलेली माती घळींतून समुद्रात जाते. गढूळ पाण्यात प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रकाश पुरत नाही, आणि तेच तर प्रवाळांचं अन्न बनवतात. गाळाने माखलेल्या खडकावर प्रवाळांची पिल्लंही रुजत नाहीत. म्हणजे डोंगरावर चर साफ ठेवणारा माणूस काही अंशी प्रवाळही राखतो.

सगळंच मात्र चर साफ करून भागत नाही. मोकाट शेळ्या रोपं मुळापर्यंत खातात आणि उतार उघडे पाडतात. गेल्या काही वर्षांत त्या कमी करण्याची मोहीम सुरू आहे. पण बोकडाचं मटण हे इथलं आवडतं जेवण, आणि शेळ्या पाळणं ही जुनी रीत. शेळ्या हटवायच्या, तर आधी शेजाऱ्यालाच पटवावं लागतं.