क्लबच्या नावावर रेडिओ स्पर्धा: लॉग हाच अर्ज

नव्या क्लबकडून पहिला प्रश्न हमखास येतो तो फॉर्मचा. स्पर्धेत उतरायचं ठरलंय, मग नोंदणी कुठे करायची, फी किती, शेवटची तारीख कोणती? हौशी रेडिओच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांत यातलं काही नसतं. ज्याच्याकडे परवाना आणि कॉलसाइन (स्टेशनचं अधिकृत ओळखनाव) आहे तो ठरलेल्या वेळी बँडवर, म्हणजे ठरवून दिलेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर येतो, इतर स्टेशनांशी संपर्क करतो आणि स्पर्धा संपली की लॉग, म्हणजे त्या संपर्कांची नोंद, पाठवतो. तो लॉग हाच अर्ज. तुम्ही कोण, कोणत्या गटात, किती वॉटवर आणि कोणत्या क्लबसाठी खेळलात, हे सगळं त्या फाइलच्या माथ्यावरच्या दहा-पंधरा ओळींत ठरतं. म्हणूनच दोन रात्री जागून कमावलेले गुण एखाद्या ओळीतल्या चुकीमुळे भलत्याच खात्यावर जाऊ शकतात, किंवा कुठल्याच खात्यावर जात नाहीत.

आमच्या क्लबात लॉग गोळा करण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे. अँटेनाबद्दल इथे काही मिळणार नाही.

आधी एक गोंधळ दूर करू

‘क्लब म्हणून भाग घेणं’ याचे दोन वेगळे अर्थ होतात आणि दोन्हींची कागदपत्रं वेगळी असतात.

पहिला अर्थ: एकच स्टेशन, एकच कॉलसाइन, खुर्चीवर आळीपाळीने बसणारे अनेक ऑपरेटर. याला मल्टी-ऑपरेटर प्रवेशिका म्हणतात. लॉग एक, निकालात ओळ एक.

दुसरा अर्थ: क्लबचे सभासद आपापल्या घरून, आपापल्या कॉलसाइनवर खेळतात, प्रत्येक जण आपला लॉग पाठवतो आणि या सगळ्यांच्या गुणांची बेरीज क्लबच्या नावावर लागते. ही क्लब स्पर्धा. इथे उंच टॉवर असलेला एक जण आणि गॅलरीत तार बांधून 40 संपर्क करणारे वीस जण एकाच पंगतीला बसतात, आणि बरेचदा ते वीस जणच निकाल फिरवतात.

एकाच क्लबला एकाच स्पर्धेत दोन्ही करता येतं. क्लब स्टेशनचे गुणही क्लबच्या बेरजेत धरले जातात. मात्र पाहुणे ऑपरेटर बसले असतील तर सीक्यू वर्ल्डवाइड या जगभरच्या मोठ्या स्पर्धेत ते गुण टक्केवारीने वाटले जातात. चार ऑपरेटरपैकी तीन तुमचे असतील तर तीन चतुर्थांश गुण तुमचे.

पात्रता

ऑपरेटरची पात्रता सोपी आहे: चालू परवाना आणि त्या परवान्याने दिलेल्या बँड, मोड (आवाज, मोर्स वगैरे) आणि शक्तीच्या मर्यादेत राहणं. स्पर्धेचे नियम 1500 वॉटपर्यंत परवानगी देत असले आणि तुमचा परवाना त्याहून कमी देत असला, तर परवान्याचा आकडा चालतो. क्लब स्टेशनवर वेगवेगळ्या श्रेणीचे ऑपरेटर बसतात तेव्हा त्या क्षणी कोणाच्या परवान्याच्या अधिकारात प्रसारण चाललंय, हे पाळीच्या तक्त्यात लिहून ठेवा. कनिष्ठ श्रेणीच्या ऑपरेटरला वरिष्ठाच्या देखरेखीखाली कुठवर जाता येतं, हे प्रत्येक देशाचा नियामक ठरवतो, स्पर्धेचे आयोजक नव्हे.

दुसऱ्या देशातला पाहुणा येणार असेल तर त्याच्या परवानगीचं आधी बघा. युरोपात सीईपीटी या दूरसंचार प्रशासनांच्या संघटनेच्या टी/आर 61-01 या शिफारशीमुळे तिच्यात सामील असलेल्या देशांचे परवानाधारक अल्प मुक्कामात वेगळा अर्ज न करता प्रसारण करू शकतात. इतर ठिकाणी देशादेशांतल्या परस्पर करारावर अवलंबून राहावं लागतं, आणि त्याला आठवडे लागू शकतात.

क्लबची पात्रता जरा किचकट आहे. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये क्लब हा स्थानिक गट असावा लागतो, राष्ट्रीय संघटना क्लब म्हणून चालत नाही. अमेरिकेतल्या एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या स्पर्धांत क्लब त्या संस्थेशी संलग्न असावा लागतो आणि क्लबचे तीन गट आहेत: 3 ते 10 प्रवेशिकांचा लोकल, 3 ते 50 चा मीडियम आणि 51 पासून पुढे अनलिमिटेड. लोकल गटासाठी सभासद क्लबच्या केंद्रापासून 35 मैलांच्या आत, इतर दोन गटांसाठी 175 मैलांच्या आत असावे लागतात. हे केंद्र कुठे धरायचं ते क्लबच ठरवतो. नकाशा आणि कंपास घेऊन बसलात तर केंद्र थोडं सरकवल्याने दोन-तीन चांगले ऑपरेटर वर्तुळात येतात असं दिसेल. यात लबाडी काही नाही, नियमातच तशी मुभा आहे.

गट कोणता निवडायचा

मल्टी-ऑपरेटरमध्ये साधारण तीन पायऱ्या असतात. मल्टी-सिंगलमध्ये मुख्य रन स्टेशन (एका जागी थांबून हाका देणारं) एक, आणि त्याच्या जोडीला फक्त नवे मल्टिप्लायर, म्हणजे गुण ज्यांनी गुणले जातात ते नवे देश किंवा विभाग, शोधणारं दुसरं. मल्टी-टूमध्ये एकाच वेळी दोन वेगळ्या बँडवर दोन सिग्नल. मल्टी-मल्टीमध्ये सहाही बँडवर एकेक. स्पर्धेचे सहा बँड म्हणजे 160, 80, 40, 20, 15 आणि 10 मीटर. 30, 17 आणि 12 मीटरवर स्पर्धा होत नाहीत, तिथे स्पर्धेचे संपर्क करू नका.

पहिल्यांदा उतरणाऱ्या क्लबने मल्टी-सिंगल घ्यावा असं माझं मत आहे. मल्टी-मल्टी ऐकायला भारी वाटतं, पण एका स्टेशनचा सिग्नल दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये घुसायला लागला की फिल्टरच्या शोधातच अर्धी स्पर्धा जाते. मल्टी-सिंगलमध्येही बँड बदलण्यावर मर्यादा असते. ती दरवर्षीच्या नियमपत्रात बघा, कारण ती बदलत आली आहे.

सीक्यू वर्ल्डवाइडची आणखी एक अट अशी की एका प्रवेशिकेतले सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर 500 मीटर व्यासाच्या वर्तुळात असले पाहिजेत. शेजारच्या टेकडीवरचा रिसीव्हर त्यात बसत नाही. दूरस्थ पद्धतीने इंटरनेटवरून स्टेशन चालवता येतं, पण मग स्टेशन जिथे आहे तीच जागा धरली जाते, ऑपरेटर कुठे बसलाय ती नव्हे.

शक्तीचे गट तीन: 1500 वॉटपर्यंत हाय, 100 वॉटपर्यंत लो आणि 5 वॉटपर्यंत क्यूआरपी. यातला प्रत्येक गट प्रत्येक प्रकारात मिळेलच असं नाही. आकडा आउटपुटचा असतो. रिग (रेडिओ संच) 100 वॉटचा आहे म्हणून लो लिहिलं आणि रात्री 80 मीटरवर कुणी ॲम्प्लिफायर दहा मिनिटं चालू केला, तर तो लॉग लो राहिला नाही.

फाइलमध्ये ठेवायचे कागद

आयोजक यातलं बहुतेक काही आधी मागत नाहीत. शंका आली की मागतात, आणि तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. क्लब स्टेशनच्या परवान्याची प्रत, स्टेशनला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव आणि सही असलेलं पत्र, प्रत्येक ऑपरेटरच्या परवान्याची प्रत, पाळ्यांचा तक्ता, आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी संमती. तोंडी संमतीवर मास्ट (अँटेनाचा खांब) उभा करू नका.

यात एक गोष्ट लोक विसरतात: ध्वनिमुद्रण. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये वरच्या क्रमांकांवर येणाऱ्यांकडून समिती पूर्ण स्पर्धेचं रेकॉर्डिंग मागू शकते. लॉगिंग सॉफ्टवेअरमधून ते आपोआप होतं, फक्त डिस्कवर जागा ठेवायची आणि स्पर्धा संपल्यावर उत्साहाच्या भरात ते पुसून टाकायचं नाही.

लॉग भरणं, म्हणजे अर्ज भरणं

लॉग कॅब्रिलो नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात द्यावा लागतो. एनवनएमएम लॉगर प्लससारखं सॉफ्टवेअर ही फाइल स्वतः तयार करतं. पण सॉफ्टवेअरला तुम्ही सुरुवातीला जे सांगितलं तेच ते माथ्यावर लिहितं. मागच्या स्पर्धेची सेटिंग तशीच राहिली असेल तर जुनाच गट छापला जातो. म्हणून फाइल पाठवण्याआधी ती साध्या एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी वाचा.

कॉलसाइनच्या ओळीत स्पर्धेत वापरलेलं कॉलसाइन हवं, पाठवणाऱ्याचं नव्हे. स्पर्धेच्या ओळीत आवाजाची स्पर्धा आणि मोर्सची स्पर्धा यांची नावं वेगळी असतात, तिथे चूक झाली की स्वयंचलित यंत्रणा लॉग परत पाठवते. ऑपरेटर, बँड, शक्ती आणि ट्रान्समीटर या चार ओळींतून तुमचा गट बनतो. ऑपरेटरांच्या यादीत खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचं कॉलसाइन हवं, एका तासासाठी बसलेल्याचंसुद्धा. गुणांची वाटणी त्याच यादीवरून होते.

आणि मग क्लबची ओळ. आमच्या पहिल्या वर्षी कुणी क्लबचं पूर्ण नाव लिहिलं, कुणी आद्याक्षरं, कुणी मध्ये ‘अँड’ घातला, कुणी घातला नाही. निकालात आमचे गुण तीन क्लबांमध्ये विभागलेले दिसले आणि त्यातले दोन क्लब अस्तित्वातच नव्हते. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून स्पर्धेच्या आठवड्यात मी क्लबच्या गटावर नावाची एकच ओळ टाकतो आणि सांगतो की टाइप करू नका, उचलून चिकटवा. आयोजकांकडे आधीपासून नोंदलेल्या क्लबांची यादी असते, त्यात नाव जसं आहे तसंच वापरायचं. एका ऑपरेटरचा एकट्याचा लॉग एकाच क्लबला देता येतो. दोन क्लबांचा सभासद असलेल्याने आधीच ठरवून घ्यावं.

माथ्याखाली संपर्कांच्या ओळी: वारंवारता, मोड, तारीख, वेळ, दोन्ही कॉलसाइन आणि दोन्हीकडचं एक्सचेंज (संपर्कात एकमेकांना सांगायची ठरलेली माहिती). वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) हवी. संगणकाचं घड्याळ स्थानिक वेळेवर राहिलं तर सगळा लॉग काही तासांनी सरकतो. दोन ट्रान्समीटर असतील तर ओळीच्या शेवटी कोणता ते 0 किंवा 1 ने दाखवायचं असतं. मल्टी-सिंगलमध्ये 0 म्हणजे रन, 1 म्हणजे मल्टिप्लायर.

एखादा संपर्क नियमाबाहेर झाला, उदाहरणार्थ बँडच्या कडेबाहेर, तर तो पुसू नका. ओळीच्या आरंभी ‘एक्स-क्यूएसओ’ (X-QSO) लिहा. तुमचे गुण धरले जात नाहीत, पण समोरच्याला त्याचे गुण मिळतात.

स्पर्धा संपल्यावर मात्र हात आवरा. यादीत बघून, रेकॉर्डिंग ऐकून किंवा समोरच्याला विचारून कॉलसाइन दुरुस्त करणं सीक्यू वर्ल्डवाइडच्या नियमांत बसत नाही. टायपिंगची चूक तेव्हाच्या तेव्हा नोंदवलेल्या टिपेवरून सुधारणं वेगळं आणि रविवारी रात्री लॉगची शुद्धी करायला बसणं वेगळं.

पाठवणं आणि खात्री करणं

सीक्यू वर्ल्डवाइडची मुदत स्पर्धा संपल्यापासून 5 दिवस आहे. आवाजाची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, मोर्सची नोव्हेंबरच्या. दोन्ही 48 तासांच्या. क्लबच्या बेरजेत दोन्ही फेऱ्यांचे लॉग धरले जातात, म्हणून ऑक्टोबरात दमून नोव्हेंबर सोडणारा क्लब अर्धी बेरीज सोडतो.

फाइल अपलोड केल्यावर यंत्रणा लगेच तपासून चुका दाखवते आणि मग पोचपावतीचा ईमेल येतो. पावती आली म्हणजे झालं असं नाही. मिळालेल्या लॉगांची यादी जाहीर होते, तिथे आपलं कॉलसाइन आणि त्यापुढचा गट बघायचा. चूक दिसली तर मुदतीच्या आत दुरुस्त फाइल पुन्हा पाठवा, शेवटची फाइल ग्राह्य धरली जाते. गुणांसाठी नको पण इतरांच्या पडताळणीला मदत म्हणून लॉग द्यायचा असेल तर ‘चेकलॉग’ असा गट निवडता येतो.

एआरआरएलच्या क्लब स्पर्धेत मात्र खरोखरचा वेगळा अर्ज आहे. क्लबच्या पदाधिकाऱ्याला पात्र सभासदांची यादी आधीच सादर करावी लागते. ज्याचं नाव यादीत नाही त्याचा लॉग बेरजेत येत नाही, मग त्याने कितीही गुण केलेले असोत. नवा सभासद घेतला की त्याच दिवशी यादी सुधारायची सवय लावून घ्या.

तपासणी आणि निकाल

सगळे लॉग एकमेकांशी ताडून बघितले जातात. तुम्ही कॉलसाइन चुकीचं लिहिलं, किंवा समोरच्याच्या लॉगमध्ये तुम्ही नाहीच, तर सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये तो संपर्क जातो आणि वर त्याच्या दुप्पट गुणांचा दंड होतो. वेगळ्या खंडातला संपर्क 3 गुणांचा धरला तर एका चुकीत 3 गेले आणि आणखी 6 कापले. एक्सचेंज चुकलं तर संपर्क जातो, जादा दंड नाही. तोच संपर्क दुसऱ्यांदा झाला तर त्याला दंड नाही, तो लॉगमध्ये राहू द्या.

अंतिम निकालानंतर प्रत्येक लॉगचा तपासणी अहवाल मिळतो. क्लबच्या दृष्टीने प्रमाणपत्रापेक्षा हा कागद मोलाचा. कोणाच्या पाळीत चुका वाढल्या, कोणत्या तासाला, कोणत्या बँडवर, हे त्यात दिसतं. आमच्याकडे पहाटेच्या पाळीत चुका दुप्पट निघाल्या तेव्हा चार तासांची पाळी दोन तासांवर आणली. प्रमाणपत्रं बहुधा डिजिटल मिळतात, आयोजकांच्या पानावरून स्वतः उतरवून घ्यायची.

निवड होऊन मिळणारी जागा

एकच मोठी स्पर्धा अशी आहे जिथे लॉग पाठवून प्रवेश मिळत नाही: डब्ल्यूआरटीसी, म्हणजे वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप. ती पहिल्यांदा 1990 मध्ये सिएटलला झाली. 2022 ची लांबून जुलै 2023 मध्ये इटलीत बोलोन्याला झाली. दोघांचा संघ, सगळ्यांना सारख्या अँटेना, सारखी शक्ती आणि प्रत्येक संघाजवळ परीक्षक. संघनायकाची निवड ठरवून दिलेल्या पात्रता स्पर्धांतल्या गुणांवरून प्रदेशवार होते, आणि जोडीदार तो स्वतः निवडतो. पात्रतेच्या काळात मल्टी-ऑपरेटर लॉगसुद्धा मोजले जातात, पण ऑपरेटरांच्या यादीत नाव असेल तरच.