चिबड, पाणथळ आणि नाथसागर: या घोळाची थोडी पार्श्वभूमी

पाणथळ जागांचा अभ्यास करणारा एखादा संशोधक आमच्याकडं मराठवाड्यात येतो आणि "पाणथळ वाचवायचंय" म्हणतो तेव्हा पहिला गोंधळ तिथंच होतो, कारण आमच्या शेतकऱ्याच्या लेखी पाणथळ म्हणजे रानाला लागलेला रोग. डाव्या कालव्याखाली परभणीकडं कुणालाही विचारा. कालवा पाझरतो, काळी माती पाणी सोडत नाही, वाफसा येत नाही, कापूस पिवळा पडतो, मग वर पांढरा खार फुटतो आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. याला रान चिबडलं म्हणतात, कागदावर लिहितात पाणथळ आणि क्षारपड. माझ्या मामाचं दीड एकर असंच गेलं, चर खोदून झाले, अर्ज देऊन झाले. त्या मामापुढं पाणथळ जागेचे फायदे सांगायला कुणी गेलं तर तो चहा पाजेल, पण ऐकून घेणार नाही.

म्हणजे एकच शब्द दोन उलट्या गोष्टींना. एक बिघडलेली जमीन, जी कोरडी करायचीय, आणि दुसरी तलावाकाठची उथळ, चिखलाची जागा, जी ओली ठेवायचीय. त्यात सरकारी कागदावर तिसराच अर्थ आहे, आणि खरी भानगड त्या तिसऱ्या अर्थाची आहे. त्याच्याकडं येतोच.

मागं जायचं म्हणलं तर बरंच मागं जाता येतं. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे, संभाजीनगरात दिल्ली गेटजवळचा जुना तलाव आहे, ज्याला आता सलीम अली सरोवर म्हणतात. ते सगळं मान्य. पण आजचा हिशोब सुरू होतो धरणांपासून. साठच्या दशकात पूर्णेवर येलदरी झालं, १९६५ ला पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं भूमिपूजन झालं आणि १९७६ ला लोकार्पण. मधल्या १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गावोगाव पाझर तलाव खोदले गेले, त्यातले कितीतरी आज वेड्या बाभळीनं आणि बेशरमीनं भरलेत. जायकवाडी हे नाव सुद्धा गंमतच आहे, आधी धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी व्हायचं होतं, जागा वर पैठणला सरकली आणि नाव तसंच राहिलं.

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं, वैशिष्ट्य म्हणजे तो बशीसारखा पसरट आहे. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, आणि भरल्यावर पाणी पसरतं साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार करून बघा, सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर निघते. एवढ्या मोठ्या धरणाला ही खोली काहीच नाही. पाटबंधारेवाल्यांच्या दृष्टीनं हा तोटा, बाष्पीभवन लै होतं. बदकांच्या दृष्टीनं मात्र मेजवानी, कारण थापट्या, तलवार बदक असल्यांना बुडी मारता येत नाही, त्यांना हातभर पाण्यात डोकं खाली करून चरायचं असतं आणि असला काठ इथं मैलोन् मैल आहे. हिवाळ्यात पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. १९८६ ला ३४१ चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांना कुणी विचारलं का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

काठाचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभंय. तलावाच्या जागेत पाणी किती आहे यापेक्षा ते कधी चढतं, किती दिवस थांबतं आणि कधी उतरतं हे जास्त महत्त्वाचं. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि त्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उगवतं. एका ओळखीच्या अभ्यासकानं मला हे दाखवलं होतं: काठावरचा चार बोटं चिखल खरवडला, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पसरला, रोज थोडं पाणी शिंपडलं. आठ-दहा दिवसांत त्यात हिरवे ठिपके आले, आधी गवत, मग लव्हाळ्याच्या जातीचं काहीतरी आणि एका कोपऱ्यात पाण्यातल्या शेवाळीसारखी नाजूक पानं. त्याचं म्हणणं होतं की तलाव दुरुस्त करायचा म्हणजे बाहेरून रोपं आणून लावायची गरजच नाही, बी जागेवरच आहे, पाण्याचं वेळापत्रक तेवढं ठीक ठेवा आणि वरचा हा थर फेकून देऊ नका.

आणि आपण नेमकं काय केलं? २०१७ हे साल लक्षात ठेवा, त्या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. धरणं गाळमुक्त आणि शिवार गाळयुक्त करायची योजना आली. जायकवाडी अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा अधिसूचित झाला. आणि सप्टेंबरमध्ये केंद्राचे पाणथळ जागांचे नवे नियम आले, २०१० चे जुने गेले.

या नियमांमधली व्याख्या एकदा नीट वाचण्यासारखी आहे. सुरुवात एकदम दिलदार: दलदल असो की साधं पाणी, नैसर्गिक की माणसानं केलेलं, कायमचं की तात्पुरतं, वाहतं की साचलेलं, सगळं पाणथळ. हे पाणथळ जागा वाचवायच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या भाषेतलंच. आणि मग येतं "पण यात धरलं जाणार नाही". नदीचं पात्र नाही, भातशेती नाही, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव नाहीत, मत्स्यपालन, मीठ आणि करमणुकीसाठी बांधलेलं काही नाही, आणि शेवटी एक शब्द: सिंचन. सिंचनासाठी बांधलेलं काहीही नाही. आता मला सांगा, मराठवाड्यात मग उरलं काय? इथले जवळजवळ सगळे मोठे पाणसाठे सिंचनासाठी नाहीतर पिण्यासाठीच बांधलेत. आमच्याकडं कोकणासारख्या खाड्या नाहीत की काश्मीरसारखी सरोवरं नाहीत.

बचावात म्हणतात की धरणाला पाणथळ धरलं तर उद्या गेट दुरुस्त करायला सुद्धा परवानगी लागेल, शेतकऱ्याचं पाणी अडेल. ही भीती अगदीच खोटी नाही. पण मग विसंगती बघा. महाराष्ट्राची पहिली रामसर जागा (त्या कराराच्या यादीतली जागा) म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते नांदूर मध्यमेश्वर, आणि ते काय आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी गोदावरीवर सिंचनासाठीच बांधलेला बंधारा! वरून जायकवाडीला सोडलेलं पाणी त्याच्याच दारातून खाली येतं. म्हणजे त्याच नदीवर, त्याच कामासाठी बांधलेलं वरचं जगाच्या यादीत आणि खालचं व्याख्येतसुद्धा नाही. नाथसागराला वन्यजीव कायद्याचं छत्र तरी आहे, बाकी तलावांना काहीच नाही.

कोर्टानं हा गुंता अजून वाढवला की सोडवला हे ज्यानं त्यानं ठरवावं. उपग्रहाच्या फोटोवरून देशभरात सव्वादोन हेक्टरच्या वरच्या २ लाख १ हजार ५०३ जागा मोजल्या गेल्या होत्या आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. नव्या नकाशात हा आकडा २ लाख ३१ हजार १९५ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टानं जागेवर जाऊन हद्दी ठरवा असं राज्यांना सांगितलं. उपग्रहाला काय, त्याला पाणी दिसतं, ते सिंचनाचं आहे की पिण्याचं हे दिसत नाही. त्यामुळं मोजणीत आमचे तलाव येतात आणि नियमात गळतात.

गाळाच्या योजनेबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही, दुष्काळी वर्षात गाळ काढून हलक्या रानात टाकला की फरक पडतो, मी बघितलाय. भांडण पद्धतीचं आहे. पोकलेन उतरतो तो सोप्या जागी, म्हणजे काठावर, कारण तिथं ट्रॅक्टर जातो. उतरता काठ जाऊन तिथं भिंतीसारखा कडा होतो, आणि बियाणं असलेला चार बोटांचा थर पहिल्याच दिवशी ट्रॉलीत जातो. पाणीसाठा वाढतो हे खरं, पण बदकाला चरायला जागा राहत नाही. त्याला पुनरुज्जीवन म्हणून फीत कापली की माझं डोकं फिरतं.

आता गाळपेर. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत हरभरा, गहू, भाजी करतात, त्यात धरणग्रस्त बरेच. फवारणी, मोटारी, कुंपणं यामुळं पक्ष्यांना त्रास होतो, म्हणून बंद करा अशी मागणी अधूनमधून होते. इथं राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट आठवायला हवी. १९८२ मध्ये तिथल्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या उद्यानात म्हशी चारायला बंदी झाली, गोळीबारात माणसं मेली. पुढं मुंबईच्या एका जुन्या निसर्गसंस्थेनं दहा वर्षं अभ्यास केला तर निघालं उलटं. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी आक्रसलं आणि पक्ष्यांची अडचण झाली. म्हणून गाळपेर जशीच्या तशी चालू द्या असं नाही, म्हैस औषध फवारत नाही. पण आधी बंदी आणि मग अभ्यास, हा क्रम तरी बदलावा.

त्यात आता तरंगतं सोलर आलंय, म्हणजे पाण्यावर पॅनल तरंगवून वीज करायची. नाथसागरावरच्या त्या प्रकल्पाविरुद्ध मच्छीमारांच्या एका समितीची याचिका मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकायला नकार दिला. पाण्यावर सावली पडली की खालची वनस्पती, मासे यांचं काय होतं हा पाणथळीच्या अभ्यासकांच्या रोजच्या कामातला प्रश्न, आणि आमच्याकडं तो जाळं टाकणाऱ्यांना कोर्टात न्यावा लागला.

आणि कोर्ट म्हणतं तशा हद्दी ठरवायच्या म्हणजे नेमक्या कोणत्या महिन्यात? २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात, म्हणजे एरवी सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, गेला होता. ऑक्टोबरात जिथं खांब रोवाल तिथून मे महिन्यात पाणी कुठंच्या कुठं असतं, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात कुणाचा तरी हरभरा काढून झालेला असतो.