मेडिसिन बॉल : जोडीने करावयाचा व्यायाम (खानदेश)

भरीव, वजनदार चेंडू दोघांनी एकमेकांकडे फेकून व झेलून करावयाचा व्यायामप्रकार. चेंडू चामड्याचा किंवा रबराचा असून त्याचे वजन सामान्यतः 1 ते 5 किग्रॅ. असते. नावाचे शब्दशः भाषांतर केल्यास तो औषधाची गोळी वाटण्याचा संभव असल्याने मराठीत मूळ नावच टिकले आहे.

या चेंडूचा उगम प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसपर्यंत (इ. स. पू. सु. 460–370) नेण्याचा प्रघात आहे. कातड्यात वाळू भरून तो रुग्णांकडून फेकवून घेई, असे सांगतात. परंतु हे विधान एका लेखकाने दुसऱ्यावरून उतरवून घेतल्यासारखे सर्वत्र आढळते. गेलेन या ग्रीक वैद्याने इ. स. दुसऱ्या शतकात चेंडूच्या व्यायामावर स्वतंत्र प्रकरण लिहिले खरे, पण त्याचा विषय लहान चेंडू हा असल्याने त्यावरून वजनी चेंडूचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही. इटालियन वैद्य मेर्कुरियाले याने 1569 मधील ग्रंथात वैद्यकीय, लष्करी व मल्लांचा असे व्यायामाचे तीन वर्ग केले असून, ‘मेडिसिन’ या पदाचे मूळ त्यातील पहिल्या वर्गात शोधणारे अभ्यासक आहेत. अमेरिकेतील बॉस्टन येथील व्यायामशिक्षक रॉबर्ट जेफ्रीज रॉबर्ट्‌स यांच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावाचे श्रेय देणारे मत त्यामानाने अधिक ग्राह्य वाटते. आरोग्यवर्धक या अर्थाने ‘मेडिसिन’ हा शब्द त्या काळी वापरला जाई. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर (कार्यकाळ 1929–33) यांच्यासाठी सु. 2.7 किग्रॅ. वजनाचा चेंडू जाळीवरून फेकण्याचा खेळही रचण्यात आला होता.

व्यायामाचे मर्म झेलण्यात आहे. चेंडू हातात येताना स्नायू ताणले जातात आणि ते लगेच आकुंचन पावल्यास फेकीला अधिक जोर मिळतो. मध्ये थांबल्यास हा लाभ बराचसा वाया जातो. म्हणून वेग मंदावेल इतका जड चेंडू घेऊ नये. छातीपासून व डोक्यावरून फेकणे, पाठीला पाठ लावून कमरेतून वळत चेंडू देणे, उठाबशीतून उठता उठता फेकणे हे नेहमीचे प्रकार होत.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात तालमीची परंपरा असून जोर, बैठका व मुद्‌गल ही एकट्याने करावयाची मेहनत, तर लढतीसाठी ‘जोड’ लागते. जोड बरोबरीची असावी हा आखाड्यातील दंडक चेंडूच्या या व्यायामालाही लागू पडतो, कारण ताकदवान गड्याची फेक कच्च्या जोडीदाराचे मनगट किंवा बोटे दुखावू शकते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 7.26 किग्रॅ. व महिलांना 4 किग्रॅ. वजनाचा गोळा फेकावा लागतो. त्याच्या तयारीसाठी हा चेंडू उपयुक्त आहे. मात्र गोळा एका हाताने मानेजवळून ढकलला जात असल्याने दोन हातांच्या फेकीने पाय, कंबर व खांदा यांचा क्रमच तेवढा बसतो, गोळ्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

जळगाव–भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात तापमान 45° से.च्या आसपास जात असल्याने सराव पहाटे उरकणे इष्ट ठरते. पावसाळ्यात काळ्या मातीवर पडलेला चामडी चेंडू चिखल व पाणी धरून जड होतो; अशा वेळी रबरी चेंडू बरा.