कोंबड्यांनी अंडी कमी केली? औषध विचारण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडून कोंबड्या आणि खाद्य नेणारे ग्राहक सर्वांत जास्त वेळा एकच तक्रार घेऊन येतात: "कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात, एखादे औषध द्या." त्यामागोमाग बऱ्याचदा दुसरे वाक्य येते, "नाहीतर काढून टाकतो." दोन्हींची घाई करू नका. परसात चार-दहा कोंबड्या असतात तिथे अंडी घटण्यामागे बहुतेक वेळा आजार नसतो. उजेड, वय, पिसे झडणे, खुडूक बसणे किंवा खाण्यापाण्यातली उणीव यांपैकीच काहीतरी निघते. त्यातले नेमके कोणते, हे लांबून बघून कळत नाही. त्यासाठी कोंबडी हातात घ्यावी लागते.

रोज एक अंडे मिळायलाच हवे, ही अपेक्षाही जरा बाजूला ठेवा. एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले जवळजवळ २० तास नुसते कवच चढण्यात जातात. त्यामुळे आज सकाळी आठला अंडे देणारी कोंबडी उद्या नऊ-साडेनऊला देते, परवा आणखी उशिरा. असे सरकत सरकत दुपार उलटली की ती एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. हा खाडा म्हणजे बिघाड नाही. कोंबडा नाही म्हणून अंडी थांबली, असेही काही जण समजतात. अंडी देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते, फक्त पिल्ले हवी असतील तर असते.

अंडी थांबली की हरवली?

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न हाच असतो. एका ग्राहकाच्या सहा कोंबड्यांपैकी तिघी "बंद" झाल्या होत्या. खाद्य बदलून झाले, टॉनिक देऊन झाले. आम्ही बघायला गेलो, तर सरपणाच्या ढिगामागे वाळक्या पाचोळ्यात सतरा अंडी नीट रचून ठेवलेली होती. कोंबड्यांनी फक्त जागा बदलली होती, कारण खुराड्यातल्या पेटीत पिसवा झाल्या होत्या.

अशी शंका आली तर दोन-तीन दिवस दुपारपर्यंत कोंबड्या आतच ठेवा. अंडी पेटीत मिळू लागली तर उत्तर सापडले. पेटीतले भुस्सा-गवत बदला आणि चार-पाच कोंबड्यांमागे निदान एक पेटी ठेवा, तीही जरा अंधाऱ्या आणि शांत कोपऱ्यात. पेटीत ओलसर पिवळा डाग किंवा कवचाचे तुकडे दिसले, तर कोणीतरी अंडी फोडून खात आहे. उंदीर-घूस असू शकते, कोंबडी स्वतःही असू शकते. साप अख्खे अंडे गिळतो, त्यामुळे मागे काहीच खूण राहत नाही.

आता हातात घेऊन बघण्याविषयी. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की हे काम सोपे होते. कोंबडीचे डोके तुमच्या पाठीकडे राहील अशी तिला काखेत धरा. गुदद्वाराच्या खाली दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडे बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज बसली आणि पोट मऊ लागले, तर ती कोंबडी अंडी देत आहे. जेमतेम एक बोट मावले, तर ती थांबलेली आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीचे गुदद्वार रुंद आणि ओलसर असते, थांबलेलीचे लहान, कोरडे आणि आवळलेले. तुराही सांगतो: लाल, भरलेला आणि उबदार असेल तर काम चालू आहे, आक्रसलेला, फिकट आणि खरबरीत असेल तर बंद आहे. हे एकदा करून बघाच. दहा कोंबड्या तपासायला अर्धा तास लागतो आणि कोणती देते, कोणती नाही, हे कायमचे कळू लागते.

उजेड आणि पिसे

कोंबडीचे शरीर दिवसाची लांबी मोजत असते. हा उजेड तिला नुसता डोळ्यांनी कळत नाही; कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूचा एक भाग थेट टिपतो. साधारण १४ ते १६ तास उजेड मिळाला की अंडी नियमित येतात. दिवस लहान होऊ लागले की शरीर आपोआप हात आखडते. अशा वेळी काही जण खुराड्यात दिवा लावतात. लावायचा असेल तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा एकदम विझला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात धडपडतात. उजेड आठवड्याला थोडा थोडा वाढवा आणि एकदा सुरू केल्यावर मध्येच खंड पाडू नका. मोजक्या कोंबड्या असतील तर दिवा न लावता तेवढे महिने त्यांना विसावा द्यावा, असे आमचे मत आहे.

बहुधा याच काळात पिसे झडतात. आधी डोके-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. कोंबडी ओकीबोकी आणि केविलवाणी दिसते, घरातली मुले घाबरतात, पण हा रोग नाही. पिसांचा बहुतांश भाग प्रथिनांचाच असतो, म्हणून नवी पिसे येईपर्यंत शरीर प्रथिने तिकडे वळवते आणि अंडी थांबवते. यात दोन ते चार महिने जातात. या दिवसांत तिला जास्त प्रथिनांचे खाद्य द्या आणि विनाकारण हाताळू नका, कारण फुटणारे कोवळे पीस दाबले गेले की तिला दुखते.

खुडूक

पेटीत ठाण मांडून बसलेली, हात लावला की अंग फुगवून गुरगुरणारी कोंबडी खुडूक झालेली असते. ती अंडी देत नाही, कारण तिला पिल्ले काढायची असतात. फळवलेली अंडी तिच्याखाली ठेवली तर २१ दिवसांत पिल्ले निघतात. पिल्ले नको असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, गवत-भुस्सा न घालता, तीन-चार दिवस ठेवा. खालून हवा लागून पोटाची ऊब कमी झाली की खुडूक मोडते. दाणापाणी मात्र पूर्ण द्या. तिला पाण्यात बुडवणे किंवा उपाशी ठेवणे हे प्रकार कृपा करून करू नका. त्याने कोंबडीचे हाल होतात आणि अंडी आणखी लांबतात.

खाणे आणि पाणी

घरोघरी खरी गफलत इथे होते, आणि ती प्रेमापोटी होते. कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. त्यातले अर्धे पोट मका, उरलेला भात, पोळीचे तुकडे यांनी भरले, तर लेयर खाद्याला, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्याला, जागाच उरत नाही. लेयर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असतात, मक्यात त्याच्या निम्मीच. वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि तोही संध्याकाळी.

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. खाण्यातून ते मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होते, अंडी मऊ येतात आणि शेवटी थांबतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज आहे ती, बहुतेक दुपारनंतर, आपणहून खाते. अंडी सुरू न झालेल्या तलंगांना मात्र लेयर खाद्य देऊ नका. इतके कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

पाण्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते, उन्हाच्या दिवसांत त्याहून बरेच जास्त. एक दिवस भांडे कोरडे राहिले तरी पुढे कित्येक दिवस अंड्यांवर परिणाम दिसतो. उन्हात तापलेले पाणी कोंबड्या पीत नाहीत, म्हणून भांडे सावलीत ठेवा. एकच भांडे ठेवू नका, दोन ठेवा. दांडगी कोंबडी एका भांड्यावर पहारा करते आणि दुबळी तहानलेली राहते.

उकाड्यात चोच उघडी ठेवून धापा टाकणाऱ्या कोंबड्या दिसतात. त्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला हाच मुख्य मार्ग असतो. त्यांचे खाणे घटते, आणि धापांमुळे रक्तातला कर्बवायू कमी होऊन कवचही पातळ होते. यावर सावली, वारा आणि थंड पाणी हाच इलाज. खाद्य पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास द्या.

वय आणि आजार

बहुतेक जाती १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान अंड्यांवर येतात, गावठी जाती त्याहून उशिरा. पहिले वर्ष सर्वांत भराचे, नंतर दरवर्षी अंडी घटत जातात. चार वर्षांच्या कोंबडीकडून पहिल्या वर्षाइतकी अंडी कोणतेही टॉनिक काढून देणार नाही. आमच्या दुकानातलेही नाही.

रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी बघा. रक्त प्यायलेले बारीक लाल किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. ते दिसले तर कोंबड्यांइतकेच खुराडेही साफ करावे लागेल. शिंका, घरघर, नाकातून पाणी, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणे यांपैकी काही दिसले, किंवा अंडे अडकल्यासारखी कोंबडी शेपूट खाली टाकून कुंथत असली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. अंडी एकाएकी घटून कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका आणि पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवा. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही पशुवैद्यकालाच विचारा.

एवढे बघूनही उलगडा झाला नाही तर आमच्याकडे या. येताना कोंबड्यांचे वय, रोज काय आणि किती घालता, पाण्याची भांडी किती आणि कुठे आहेत, आणि मागच्या दोन आठवड्यांत रोज किती अंडी मिळाली, एवढे कागदावर लिहून आणा. सकाळच्या ताज्या विष्ठेचा आणि तुऱ्याचा एक फोटो असला तर आणखी चांगले.